नाव मोठं, लक्षण खोटं? रॉक बँडच्या वादात आपण नेमकं काय मोजतो

कॉलेजचं कॅन्टीन असो, हॉस्टेलची गच्ची असो की नानाखेडा बसस्टँडजवळची चहाची टपरी, एक वाद कधीच संपत नाही. 'पिंक फ्लॉइड ओव्हररेटेड आहे यार' असं एकाने म्हणायचा अवकाश, की दुसरा चहाचा ग्लास खाली ठेवून भांडायला तयार. तिसरा एखाद्या अशा बँडचं नाव घेतो की बाकीचे मोबाइलवर शोधायला लागतात, आणि 'हे बघ, हा खरा अंडररेटेड' म्हणून तो तिथल्या तिथे जिंकतो. अर्ध्या तासाने सगळे उठतात तेव्हा प्रत्येकाचं मत जिथल्या तिथे असतं.

हा वाद मला आवडतो, म्हणूनच तो नीट घालता यावा असं वाटतं. आपण साहित्य मंडळवाले. शब्दाचा अर्थ आधी पक्का करायचा ही आपली सवय. तर सुरुवात शब्दांपासूनच.

एका शब्दात दोन मापं

'ओव्हररेटेड' आणि 'अंडररेटेड' हे शब्द आता मराठी बोलण्यात इतके मुरलेत की त्यांना वेगळे मराठी शब्द शोधायची कोणाला गरज वाटत नाही. पण मराठीकडे या दोन्ही कल्पना आधीपासून आहेत. ओव्हररेटेड म्हणजे 'नाव मोठं, लक्षण खोटं'. अंडररेटेड म्हणजे 'झाकलं माणिक'.

म्हणी नीट बघितल्या तर एक गोष्ट लगेच कळते. दोन्हींत दोन-दोन गोष्टी आहेत. पहिलीत नाव आणि लक्षण, दुसरीत माणिक आणि त्याच्यावरचं झाकण. म्हणजे आपण एखाद्या बँडला ओव्हररेटेड म्हणतो तेव्हा दोन विधानं एकदम करतो: एक, या बँडचं नाव अमुक इतकं मोठं आहे, दोन, त्याची योग्यता त्याहून कमी आहे. पहिलं विधान तपासता येतं. किती रेकॉर्ड विकल्या, किती वर्षं वाजल्या, कुठे वाजल्या याचे आकडे असतात. दुसऱ्यासाठी गाणं कान देऊन ऐकावं लागतं आणि आपल्याला काय आवडलं, का आवडलं हे सांगावं लागतं. वाद फिसकटतो तो इथेच. एक जण नावाबद्दल बोलत असतो, दुसरा लक्षणाबद्दल.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

हा वाद प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे 'प्रोग'मध्ये, सगळ्यात जोरात चालतो. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही बँडना तीन मिनिटांचं, चार मात्रांचं, कडवं-धृपद-कडवं असं गाणं अपुरं वाटायला लागलं. त्यांनी शास्त्रीय संगीतातून आणि जॅझमधून रचना घेतल्या, गाणी वीस-वीस मिनिटांची केली, अख्ख्या अल्बमला एकच विषय दिला. १९६९ मध्ये आलेला किंग क्रिम्झनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' हा या प्रवाहाचा एक मोठा टप्पा मानतात.

आपल्याला हे समजायला तसं सोपं आहे, कारण चारपेक्षा वेगळ्या मात्रा आपल्या कानाला परक्या नाहीत. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं. रूपक ताल शिकलेल्या कोणालाही हाताने ते मोजता येईल, फक्त गटांची विभागणी वेगळी पडते. त्यातच गिटारचा सोलो आला की गाणं चार मात्रांवर येतं, आणि ऐकणाऱ्याला मोकळ्या रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. सोलो एवढा का भिडतो याचं अर्धं कारण त्या बदललेल्या तालात आहे.

दुसरं उदाहरण जेंटल जायंट या बँडचं. त्यांच्या 'ऑन रिफ्लेक्शन' (१९७५) या गाण्यात एक आवाज एक ओळ सुरू करतो, मग दुसरा तीच ओळ मागून धरतो, मग तिसरा, मग चौथा. आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये चार आवाजांत गाणं बसवताना काय घाम फुटतो हे मला चांगलं माहीत आहे. हे लोक तसलं काम गिटार-ड्रमच्या बँडमध्ये, स्टेजवर, वाद्यं बदलत करत होते.

ओव्हररेटेडचा खटला

आता पिंक फ्लॉइडकडे येऊ. नाव किती मोठं? 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण ७४१ आठवडे राहिला. हा अल्बम आला तेव्हा जन्मलेलं मूल तो यादीतून खाली उतरेपर्यंत दहावीला पोचलं होतं. एवढ्या मोठ्या नावाच्या तोडीचं लक्षण कुठल्याही संगीतात असू शकतं का? या अर्थाने बघितलं तर जगातली प्रत्येक फार प्रसिद्ध गोष्ट थोडीफार ओव्हररेटेड असणारच. म्हणून हा शब्द मोठ्या बँडवर फेकणं फार सोपं असतं, आणि त्यातून नवीन काही कळत नाही.

कळतं ते कारण विचारल्यावर. १९७० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या पंक पोरांना प्रोगचा राग आला, तो या कारणासाठी: गाणी लांबलचक, वाद्यं महागडी, स्टेजवर धूर आणि दिवे, आणि बेकार फिरणाऱ्या तरुणाच्या आयुष्याबद्दल एक शब्द नाही. सेक्स पिस्टल्सचा जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टीशर्टवर 'मला यांचा तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द लिहून फिरायचा. हा आक्षेप सांगता येतो, तपासता येतो, खोडता येतो.

गंमत पुढे आहे. याच रॉटनला १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आवडीची गाणी लावायला बोलावलं, तेव्हा त्याने पीटर हॅमिल या गायकाची गाणी लावली. हॅमिल कोण? व्हॅन डर ग्राफ जनरेटर या पक्क्या प्रोग बँडचा गायक! म्हणजे रॉटनचा राग प्रोगवर सरसकट नव्हता. एखाद्या पूर्ण प्रकाराला ओव्हररेटेड म्हणणारा माणूस त्यातलं नेमकं काय बाजूला काढून जपतो, ते बघावं. त्याची खरी आवड तिथे कळते.

आणखी एक गोष्ट. प्रोगची सगळ्यात चांगली टिंगल प्रोगनेच केली आहे. समीक्षक जेथ्रो टलच्या आधीच्या अल्बमला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणायला लागले, तेव्हा इयान अँडरसनने १९७२ मध्ये 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढला. दोन बाजू मिळून एकच गाणं, त्याचे शब्द एका लहान मुलाने लिहिल्याची थाप, आणि कव्हर म्हणून अख्खं खोटं वर्तमानपत्र. ही चेष्टा होती, आणि ती अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. आता या अल्बमला ओव्हररेटेड म्हणायचं की नाही, हे मी तुमच्यावर सोडते.

पिकतं तिथं विकत नाही

अंडररेटेडची बाजू जरा जास्त गुंतागुंतीची आहे. कारण 'कमी नाव' हे कुठे कमी, हा प्रश्न लगेच येतो. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स' (१९७१) घरी, इंग्लंडमध्ये, फारसा चालला नाही. तोच अल्बम इटलीत पहिल्या नंबरवर गेला. मग हा बँड अंडररेटेड आहे का? लंडनमध्ये हो, रोममध्ये नाही.

जेंटल जायंटचं वेगळंच. त्यांचा 'इन अ ग्लास हाउस' (१९७३) विकला जाणार नाही असं समजून अमेरिकेतल्या कंपनीने तो तिथे काढलाच नाही. लोकांनी तो बाहेरून मागवला आणि आयात केलेल्या रेकॉर्ड म्हणून तो चांगला खपला. म्हणजे ऐकणारे होते, दुकानातला कप्पा नव्हता. अशा वेळी बँड अंडररेटेड राहतो तो लोकांच्या कानामुळे नाही, वितरणामुळे.

आणि कधी कधी नाव चुकीच्या खान्यात पडतं. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक-मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला. सगळ्यांना वाटलं मेटॅलिका जिंकणार. मिळाला जेथ्रो टलला, जिथे मुख्य गायक बासरी वाजवतो. त्या दिवसापासून मेटलवाल्यांच्या लेखी जेथ्रो टल म्हणजे ओव्हररेटेडचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. त्यात बँडने काय केलं होतं? काहीच नाही. खाना चुकला तो परीक्षकांचा.

आपल्याकडे मोजायचं कसं?

इथपर्यंत सगळं इंग्लंड-अमेरिकेचं झालं. पण आपल्याकडचे बँड घेतले की वादाचं स्वरूपच बदलतं, कारण इथे पुष्कळदा मोजायला काही उरलेलंच नसतं.

मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं खुलं थिएटर आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथे भरायचा आणि देशभरातले बँड तिथे वाजवायला धडपडायचे. जवळ हॉस्पिटलं आणि कॉलेजं असल्यामुळे पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथले असे कार्यक्रम थांबले. हॉस्पिटलच्या बाजूने बघितलं तर यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण त्या स्टेजवर जे वाजलं त्यातलं पुष्कळसं फक्त तिथे हजर असलेल्यांच्या आठवणीत आहे. ज्या बँडचा एकही अल्बम निघाला नाही त्याला तुम्ही-मी ओव्हररेटेडही म्हणू शकत नाही आणि अंडररेटेडही. तो बँड मापाच्याच बाहेर आहे.

ज्यांची रेकॉर्ड झाली त्यांच्यात मुंबईचा रॉक मशीन हा बँड महत्त्वाचा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या बँडने १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. तेव्हा कॉलेजच्या स्टेजवर परदेशी गाणी हुबेहूब वाजवणं हीच मोठी परीक्षा समजली जायची. त्या काळात स्वतःची गाणी घेऊन उभं राहायला हिंमत लागत असणार. पुढे त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि १९९३ मध्ये 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये बँड फुटला, २०१० मध्ये परत एकत्र आला. आज आपल्या वर्गात किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? हात वर करा.

गोव्याच्या रेमो फर्नांडिसचं उदाहरण तर आणखी बोलकं. १९८४ चा 'गोअन क्रेझी' त्याने शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केला, वाद्यं स्वतःच वाजवली आणि कॅसेट आपल्या स्कूटरवरून गोवाभर विकल्या. पण उज्जैनमध्ये रेमो म्हटलं की आपल्या आईबाबांना आठवतं ते 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था'. एकाच माणसाचं सिनेमातलं काम सगळ्यांना तोंडपाठ, आणि ज्यात त्याने सगळं एकट्याने उभं केलं ते काम बहुतेकांना ठाऊकच नाही. म्हणून 'रेमो ओव्हररेटेड की अंडररेटेड' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला रेमो, ते आधी सांगा.

आणि जे बँडही नव्हते त्यांचं काय? १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. गाण्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. पेज-प्लांटबद्दल लायब्ररी भरेल इतकी पुस्तकं आहेत. सतार-सारंगी-तबल्यावरच्या त्या माणसांना आपण एका सामुदायिक नावाने ओळखतो. अंडररेटेड या शब्दाला जर काही वजन असेल तर ते इथे आहे.

काखेत कळसा, गावाला वळसा

आता अगदी आपल्या अंगणात या. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड तुम्ही 'बंदे' या गाण्यामुळे ओळखत असाल. त्यांचा २००० चा 'कंदिसा' हा अल्बम उज्जैनच्या माणसाने तरी ऐकायलाच हवा, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे 'कंदिसा' हेच गाणं. ते सिरियाक भाषेत आहे. सिरियाक ही अरामीची एक शाखा, आणि अरामी ही येशूची बोली. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना देवाला तीनदा 'पवित्र' म्हणते. आमच्यासारख्या लॅटिन विधीत वाढलेल्यांनाही ती गुड फ्रायडेच्या उपासनेत भेटते. आता हे बघा: आपला उज्जैनचा धर्मप्रांत सीरो-मलबार चर्चचा आहे, म्हणजे ज्या परंपरेत ही भाषा शतकानुशतकं उपासनेची भाषा होती तिचाच. आपल्या शहरातल्या चर्चच्या जुन्या भाषेत एका रॉक बँडने गाणं केलं, ते देशभर गाजलं, आणि आपण टपरीवर पिंक फ्लॉइडवरून भांडतोय.

दुसरं कारण 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा. बँडचे राहुल राम काही काळ नर्मदा बचाओ आंदोलनात होते, आणि हे गाणं त्या खोऱ्यातल्या लोकगीतावरून आलंय. २०१४ पासून लिंक योजनेतून नर्मदेचं पाणी क्षिप्रेत येतं, तेव्हा रामघाटावर उभं राहून हे गाणं ऐकलं तर त्याचा अर्थ दिल्ली-मुंबईच्या श्रोत्यापेक्षा आपल्याला वेगळा लागेल. गाण्याची किंमत ठरवताना आपण कुठे उभे आहोत याचाही हिशोब धरावा लागतो, तो असा.

मराठीच्या अंगणातला जुना वाद

साहित्यात हा वाद आपण रॉकच्या कितीतरी आधीपासून घालतोय. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला, ते काय होतं? एका मासिकाचं नाव त्याच्या लक्षणापेक्षा मोठं झालंय, असंच त्यांचं म्हणणं होतं. फरक एवढाच की ते फक्त 'ओव्हररेटेड' म्हणून थांबले नाहीत. कोणते लेखक दाराबाहेर राहिले आणि का, हे त्यांनी मांडलं, आणि स्वतःची मासिकं काढली.

त्या पिढीतले अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहायचे. 'जेजुरी'मुळे आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो. पण ते पखवाज शिकले होते, त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली होती आणि काही रेकॉर्डही केली होती. अल्बम मात्र आला नाही. मराठीने जगाला दिला असता असा एक गीतकार-गायक आपल्याला मिळता मिळता राहिला.

आणि आपल्या उज्जैनचे गजानन माधव मुक्तिबोध! घर मराठी, लेखन हिंदी, शिक्षणाचा आणि नोकरीचा काही काळ याच गावात. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह छापून आला १९६४ मध्ये, ते गेले त्याच वर्षी. आज हिंदीत त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. झाकलं माणिक चमकतं हे खरं, पण झाकण काढणारा कोणीतरी वेळेवर यावा लागतो.

आज अभंग रिपोस्टसारखा मुंबईचा बँड गिटार-ड्रमच्या साथीने अभंग गातो. कोणाला ते फार आवडतं, कोणाला वाटतं अभंगाचा जीव टाळ-मृदंगात आहे. वाद जरूर घाला. निदान या वेळी दोन्ही बाजूंना ऐकायला रेकॉर्डिंग आहे.

पुढच्या वेळी भांडण्याआधी

'ओव्हररेटेड' म्हणायच्या आधी चार प्रश्न विचारून बघा.

१. कोणाच्या लेखी? समीक्षकांच्या, रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या, की आपल्या चार मित्रांच्या? आणि कुठल्या गावात?

२. बँडचं कोणतं काम? पहिला अल्बम, शेवटचा, की सिनेमातलं एक गाणं?

३. नाव मोठं किंवा छोटं का झालं? संगीतामुळे, की कंपनी, भाषा, स्टेज आणि पुरस्कार यांच्यामुळे?

४. गाण्यात नेमकं काय कमी किंवा जास्त आहे? ताल, शब्द, आवाज, रचना, यातलं काहीतरी बोट ठेवून दाखवा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी वाद घालण्यात मजा आहे, तो हरला तरी आणि जिंकला तरी. फक्त पहिल्या प्रश्नावर अडकलेला माणूस गाण्याबद्दल बोलतच नसतो. तो लोकांबद्दल बोलत असतो.

आणि एक काम, जे वादापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. आपल्या माळव्यातली मराठी कुटुंबं, त्यांच्या गणपतीतले मेळे आणि भजनी मंडळं, चर्चमधल्या क्वायर, कॉलेजात दोन वर्षं वाजवून फुटलेले बँड, यांच्यातलं काय रेकॉर्ड झालंय? बहुतेकांच्या बाबतीत, काहीच नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज रेमोच्या १९८४ च्या मशीनपेक्षा चांगलं मशीन आहे. पुढच्या अंकासाठी मंडळाकडे लेख पाठवाल तेव्हा आपल्या घरातल्या, गल्लीतल्या किंवा पॅरिशमधल्या एखाद्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्याबद्दल लिहा. त्यांचं नाव, ते काय गातात, कोणाकडून शिकले, एवढं तरी कागदावर येऊ दे. ते ओव्हररेटेड की अंडररेटेड, हे ठरवायला पुढची बॅच आहेच.